तीन फळ्यांचा पाट

लाकूडकाम शिकायचं ठरलं की माणसं थेट पुस्तकांचं कपाट किंवा दिवाणाला हात घालतात. मला कुणी विचारलं तर मी पाट करा म्हणतो. लांबी अठरा इंच, रुंदी चौदा, जाडी पाऊण इंच, आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. दिसायला किरकोळ, पण फळ्या कडेला कड लावून जोडण्याची सगळी विद्या त्यात येते. फसला तर नुकसान थोडं, जमला तर गणपतीत चारचौघांसमोर मिरवता येतो. कोथरूडच्या गॅलरीत काही वर्षं हा उद्योग करून आणि आमच्या सोसायटीतले सगळे ज्यांना सुतारमामा म्हणतात त्यांची बोलणी खाऊन जे हाती लागलं, ते खाली लिहितो.

१. रुंद फळीच्या मागे लागू नका.

आजीच्या वेळचा पाट एकसंध फळीचा होता, म्हणून आपलाही तसाच हवा, हा हट्ट आधी सोडायचा. चौदा इंची फळी निघायची तर तेवढं जाडजूड खोड हवं. ब्रह्मदेशचा साग पूर्वी अशी खोडं पुरवायचा. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता बाजारात दिसतो तो बहुतेक घाना, इक्वेडोर, कोलंबियातल्या लागवडींचा साग. कोवळ्या वयात तोडलेला, त्यामुळे खोड बारीक. आपल्या बल्लारशा-आलापल्लीच्या सागाची गोष्ट वेगळी. अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड तिकडूनच गेलं. पण पहिल्या पाटासाठी तो आणणं म्हणजे खिशाला चटका.

आणि रुंद फळी मिळाली तरी ती शहाण्यासारखी वागेलच असं नाही. फळी जितकी रुंद, तितका तिचा बाक डोळ्यांवर येतो. पाच-पाच इंचांच्या तीन फळ्या घेतल्या तर प्रत्येकीचा बाक छोटा राहतो, आणि कुठली फळी कुठे बसवायची हे आपल्या हातात राहतं. जोडकाम म्हणजे गरिबाची तडजोड, असं मला तरी आता वाटत नाही.

२. टिंबर मार्केटात फळीचं टोक आधी बघा.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात नवखा माणूस लांबूनच ओळखू येतो, कारण तो फळीवरून हात फिरवत ‘छान आहे’ म्हणतो. जाणकार खाली बसून फळीच्या टोकाकडे बघतो. वर्षवलयांच्या रेषा टोकावर उभ्या दिसत असतील तर ती फळी घ्या. ती हवेबरोबर निम्मीच हलते. रेषा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतील तर चालेल, पण बाक धरणार हे गृहीत धरा. टोकाला बरोबर मध्ये खोडाचा गाभा दिसला तर ती फळी परत ठेवा. ती आज ना उद्या तडकणार. सागाच्या कडेला फिकट पिवळा पट्टा असतो, तो बाहेरच्या कोवळ्या लाकडाचा. वाळवीला आणि किडीला तोच आधी आवडतो.

माप सुतांत सांगायला शिका. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. तयार पाट सहा सुती हवा असेल तर इंचाची, म्हणजे आठ सुती फळी घ्यायची, कारण तासण्यात दोन सूत कुठे जातात ते कळतही नाही. वरची आणि खालची बाजू तिथल्याच रंधा मशीनवर तासून घ्यायला काही हरकत नाही. कडा मात्र घरी, स्वतःच्या हाताने.

सागाचे पैसे जास्त वाटले तर पाइन घ्या. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात, त्यांचं पाइन भंगारवाल्यांकडे मिळतं. त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला एक शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवून कीड मारलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली असते. ज्यावर बसून जेवायचं त्यासाठी ते नको. आणि खिळे नीट शोधून काढा. अर्धवट तुटलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावायला पुरे होतो.

आणलेलं लाकूड लगेच कापायचं नाही. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्या घरातच दोन-तीन आठवडे रचून ठेवायच्या. घरातले लोक पसारा म्हणतील. म्हणू द्यावं.

३. खडूने एक मोठा त्रिकोण काढा.

तिन्ही फळ्या शेजारी मांडून, रेषा आणि रंग जुळतील अशा फिरवून पसंत पडल्या, की तिन्ही फळ्यांवर मिळून एकच त्रिकोण काढायचा. पुढे कितीही उलथापालथ झाली तरी त्रिकोण जुळला की फळ्या जागेवर. एक-दोन-तीन आकडे घालण्यापेक्षा हे बरं, कारण आकड्यावरून फळीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळत नाही.

एक फळी पालथी, एक उताणी अशी आळीपाळीने लावा, म्हणजे बाक एकमेकांना खाऊन टाकतात, असं बरेच जण सांगतात. मी ते फारसं मानत नाही. पाटाला खालून पट्ट्या असतातच, त्या बाक आवरतात. वर दिसणारी बाजू देखणी असावी, आणि तिन्ही फळ्यांवर रंधा एकाच दिशेने चालावा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका फळीची रेषा उलटी लागली की जोडल्यावर वरून सफाई करताना तिथलंच लाकूड उपटून येतं.

४. सांधा रंध्याने होतो.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. दोन कडा तंतोतंत भिडल्या तर साधा गोंदसुद्धा त्यांना लाकडापेक्षा घट्ट धरतो. भिडल्या नाहीत तर बाजारातला सगळ्यात महागडा गोंदही फट भरून काढत नाही, फक्त झाकतो. पहिल्या जोडाच्या वेळी मी डबा उघडायला घेतला तेव्हा मामा म्हणाले, “साहेब, फेविकॉल ऱ्हाऊ द्या. आधी उजेड बघा.”

उजेड बघायचा म्हणजे एक फळी कडेवर उभी करायची, दुसरी तिच्यावर कडेला कड टेकवून ठेवायची आणि दोन्ही खिडकीसमोर धरायच्या. फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसली तर काम बाकी आहे. मग वरची फळी एका टोकाला धरून हलकेच फिरवून बघायची. मधल्या एका जागेवर ती भिंगरीसारखी गरकन फिरली तर मध्ये उंचवटा आहे. टोकांशी अडत, घासत फिरली तर ठीक. उंचवटा असलेला जोड दाबून बसवता येतो, पण टोकांवर कायमचा ताण राहतो. टोकांतून ओल आत-बाहेर लवकर होते, त्यामुळे सांधा सुटतो तो तिथूनच. म्हणून लांब कामात मध्ये कागदाच्या जाडीएवढी पोकळी मुद्दाम ठेवतात, म्हणजे दाब दिल्यावर टोकं आधी भिडतात. अठरा इंचांच्या पाटाला ते लाड नकोत. कड सरळ असली की झालं.

सरळ कशी करायची? रंधा लांब हवा. हातात मावणारा छोटा रंधा खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो. जे आहे तेच गुळगुळीत करतो. चौदा इंची जॅक प्लेन या मापाला पुरतो. सुरुवातीला हाताचा जोर रंध्याच्या पुढच्या टोकावर, मध्यावर आल्यावर दोन्हीकडे सारखा आणि शेवटी मागच्या टोकावर. हे हाताला एकदा कळलं की कळलं, तोवर कड दोन्ही टोकांना उतरत राहते.

गुण्या लावून कड काटकोनात आहे का ते तपासायचं, हे शाळेतलं उत्तर. मामांनी शिकवलेलं सोपं आहे. शेजारच्या दोन फळ्या, त्यांच्या दर्शनी बाजू आत येतील अशा एकमेकींवर मिटायच्या, शिकंज्यात धरायच्या आणि दोन्ही कडा एकदमच तासायच्या. हात थोडा तिरका पडला तरी एकीचा कोन जेवढा कमी, तेवढाच दुसरीचा जास्त. उघडून शेजारी ठेवल्या की बेरीज बरोबर सरळ. चूक होतेच, पण ती आपली आपण फिटते. भूमितीचा इतका उपयोगी धडा मला शाळेत कुणी दिला नव्हता.

पातं मात्र धारदार हवं. कागदासारखी पातळ, अखंड, फळीच्या लांबीएवढी साल निघाली पाहिजे. भुगा पडत असेल तर थांबा आणि धार लावा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुने रंधे आणि पाती मिळतात. गंज वरवरचा असेल आणि पात्याची सपाट बाजू खड्डे न पडलेली असेल तर ती नव्यापेक्षा सरस निघतात. शिवाय हातरंध्याला आवाज नाही. दुपारी एक ते चारच्या दरम्यान मशीन सुरू करून पुण्यात शेजारधर्म टिकत नाही.

५. गोंद लावण्यात घाई हवी, कंजुषी नको.

१९५९ साली फेविकॉल आलं, त्याआधी सुतारांची भिस्त सरसावर होती. जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला हा डिंक पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा, गरम असतानाच लावायचा आणि त्याचा वास सोसायचा. पावसाळ्यात तो ओल पिऊन ढिला पडायचा. थंडच वापरायच्या पांढऱ्या गोंदाने सुतारांना का जिंकलं, ते यावरून कळतं.

हा पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला असतो. पाणी लाकडात शिरतं, उरलेला गोंद तंतूंना धरतो. म्हणूनच तो कडेला कड उत्तम धरतो आणि फळीच्या कापलेल्या टोकाला अजिबात नीट धरत नाही. तिथल्या उघड्या नळ्या त्याला पिऊन टाकतात. नेहमीच्या कामाला फेविकॉलचा साधा एसएच पुरतो. पाटाशेजारी तांब्या लवंडणारच, तेव्हा मरीन घ्यावं. डब्यात पाणी घालून गोंद वाढवायची सवय काही कारागिरांना असते. ते बघून शिकू नका.

दोन्ही कडांना पातळ, सारखा थर द्यायचा. जुना टूथब्रश यासाठी फार सोयीचा. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून कड तासल्याच्या दिवशीच जोडा. चार दिवस पडलेली कड पुन्हा एकदा हलकी तासून घ्या. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गोंद लावायला घेतला तर तिसऱ्या कडेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या कडेवर साय धरलेली असते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत करायचं आणि पंखा बंद ठेवायचा. घाम येईल. येऊ दे.

६. आधी कोरडी तालीम.

गोंद न लावता सगळे क्लॅम्प एकदा लावून, आवळून, पुन्हा सोडवा. हात बरबटल्यावर क्लॅम्पचा जबडा चुकीच्या मापावर आहे असं लक्षात येणं, यासारखी फजिती नाही. पाटाला तीन क्लॅम्प पुरतात. दोन खालून, एक मध्ये वरून. सगळे एकाच बाजूने लावले तर पाट कमानीसारखा वर उचलला जातो. लोखंड आणि गोंद यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर सागावर काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

बोहरी आळीत क्लॅम्प मिळतात, पण पहिल्याच कामाला तेवढा खर्च करायची गरज नाही. एका सपाट प्लायवर दोन जाड पट्ट्या पाटाच्या रुंदीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर स्क्रूने बसवा. मध्ये फळ्या ठेवा आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोरून ठोका. पाचरींचा दाब आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दाब देताना फळ्या वर उचलल्या जातात, म्हणून वरून दोन आडवे ठोकळे दाबून धरायचे. सांध्याच्या पूर्ण लांबीवर गोंदाची बारीक, सारखी रेघ बाहेर आली की आवळणं थांबवा. रात्रभर तसंच राहू द्या, आणि दुसरा दिवस जाईपर्यंत त्यावर जोर लावू नका.

७. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ झालेला गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरतो, आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग उमटतो. तासाभराने तो रबरासारखा होतो, तेव्हा बोथट पटाशीने साल काढावी तसा निघतो. आणि सुकला म्हणून लगेच वरून रंधाही मारू नका. गोंदातल्या पाण्याने सांध्याच्या आजूबाजूचं लाकूड किंचित फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर आठवड्याने ते बसतं आणि सांध्यावर बोटाला जाणवेल अशी खोलगट रेघ उरते.

८. खालच्या पट्ट्या गोंदाने चिकटवू नका.

पाट फुटतो तो बहुतेक वेळा इथे, आणि खापर सांध्यावर फुटतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र आयुष्यभर हलतं. पुण्यात तर त्याला विश्रांतीच नाही. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक ‘शिमला ऑफिस’च म्हणतात, पण आर्द्रतेचा चढउतार बघायला मला तिथल्या नोंदींची गरज पडत नाही. आमच्या संडासाचं दार जूनच्या अखेरीस चौकटीत अडायला लागतं, तेच पुरे.

उन्हाळ्यातल्या हवेत मुरलेल्या लाकडात सात-आठ टक्के ओलावा असतो, भर पावसाळ्यात तो पंधराच्या आसपास जाऊ पाहतो. चौदा इंच रुंदीचा सागाचा पाट एवढ्या फरकात एक ते दीड सूत फुगतो किंवा आकसतो. पाइन त्याहून जास्त. खालची पट्टी आडवी, म्हणजे तिची लांबी पाटाच्या रुंदीवर आलेली. ती हलत नाही. दोघांना गोंदाने जखडलं की पावसाळ्यात केलेला पाट होळीच्या सुमाराला ठाप्पकन तडकतो, आणि उन्हाळ्यात केलेला गौरी-गणपतीत बाक धरतो.

जुन्या वाड्यांचे दरवाजे बघा. राजा केळकर संग्रहालयात किंवा पेठेत जिथे अजून वाडा उभा आहे तिथे दाराच्या मागच्या बाजूला जा. उभ्या फळ्या, त्यांवर आडव्या पट्ट्या आणि लोखंडी खिळे. खिळा थोडा वाकतो, लाकडाला जागा देतो. दोन झडपा मिळतात तिथली सांध झाकायला वरून नक्षीची उभी पट्टी. लाकूड हलणार हे मान्य करूनच ते दार घडवलेलं आहे.

आपण स्क्रू वापरतो, तर मधला स्क्रू गोल भोकात घट्ट आणि टोकांचे दोन लांबट भोकांत. लांबट म्हणजे पाटाच्या रुंदीच्या दिशेने लांब. दोन भोकं शेजारी पाडून कानशीने जोडली की झालं. स्क्रूखाली वॉशर घालायचा आणि स्क्रू बसेल इतपतच आवळायचा. मधल्या स्क्रूभोवती रुपयाएवढ्या जागेत गोंदाचा ठिपका चालतो, त्यापलीकडे नाही. आणि सवड असेल तर मुळात जोडकाम दिवाळीनंतर करावं. तेव्हा लाकूड ना पूर्ण फुगलेलं, ना पूर्ण सुकलेलं, म्हणून दोन्हीकडे थोडंथोडंच सरकतं.

९. पॉलिश दोन्ही बाजूंना. खालची बाजू कोण बघतंय, असं म्हणून ती कोरी ठेवली तर ती ओल पिते, वरची पीत नाही आणि पाटाची होडी होते. टोकांना एक हात जास्त द्या.

१०. एक तुकडा मोडून बघा.

जोडताना फळ्या दोन इंच लांब ठेवायच्या. पाट मापात कापला की टोकाची जी पट्टी उरते तिच्यात दोन्ही सांधे असतात. ती टाकू नका. सांधा पायरीच्या कडेवर येईल अशी धरा, एक हात दाबून ठेवा आणि बाहेरच्या भागावर हातोडीचा टोला द्या. मग तुटलेली जागा उन्हात धरून बघा. लाकूड सांध्याच्या शेजारी फाटलं असेल, किंवा दोन्ही कडांवर एकमेकींचे तंतू चिकटून आले असतील, तर पाट नातवंडं वापरतील. दोन्ही कडा गुळगुळीत आणि गोंद चकचकीत दिसला तर तो भिडण्याआधीच सुकला होता. पुढच्या वेळी आणखी सकाळी उठा. गोंद एकाच कडेवर असेल, दुसरी कोरी, तर दोन्हीकडे लावायचा आळस नडला. आणि थोड्या भागात तंतू, थोड्या भागात गोंदाचा जाड थर असेल, तर तिथे फट होती. तो भाग पेन्सिलने खूण करून ठेवा, मग कड तासताना हात नेमका कुठे उतरतो ते कळतं. माझा अजूनही शेवटच्या दोन इंचांत उतरतो.